शंभराव्या रात्रीच्या शिंपल्या

पच्.

घर इतकं शांत होतं की मी दचकलेच. थोड्या वेळाने पुन्हा, पच्. दाराशी ठेवलेल्या घमेल्यात सकाळच्या शिंपल्या खाऱ्या पाण्यात वाळू थुंकत होत्या. मी श्वास धरून मांडीवरच्या जोनेकडे पाहिलं. त्याने ओठ दोनदा चोखल्यासारखे हलवले आणि पुन्हा झोपला. लोसा चटईवर हातपाय पसरून पडली होती. चार वर्षांची झाली तरी झोपेत अंगठा तोंडात.

दुपारचा हा एवढाच वेळ माझा. जोनेच्या पाठीवर मी एपारामा मोमोंचं पत्र पसरलं. बाळाच्या श्वासाबरोबर कागद वर व्हायचा, खाली व्हायचा, आणि मी त्याच लयीत वाचत होते.

मोमो म्हणजे माझे चुलतसासरे. प्रांताच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेली, त्यामुळे गावातलं कुठलंही पत्र त्यांच्याच हातचं. हे पत्र त्यांनी पुरुषांच्या वतीने गावसभेला लिहिलं होतं. म्हणणं असं: तिवरांपुढचा चिखल, नदीच्या मुखापासून थेट काळ्या खडकापर्यंत, तीन वर्षं बंद करावा. कोणी शिंपली काढू नये. कारण शिंपल्या लहान होत चालल्यात, आणि बायका रोज उपसतात म्हणून होत चालल्यात. सोमवारी सभा. बायकांनी काय ते उत्तर लेखी द्यावं.

उत्तर लिहायचं काम माझ्यावर आलं. जोने होईपर्यंत मी नदीपलीकडच्या शाळेत आठवीला शिकवायचे. बायकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "तितिला लिहिता येतं," आणि बाकीच्या लगेच उठून चटया झटकू लागल्या. झालं.

मला काळजी चिखलाची नव्हती, खरं सांगायचं तर. नेईची होती. नेई, म्हणजे माझी सासू वासेमाथा, ओहोटी लागली की टोपली घेऊन निघते ती पाणी पोटऱ्यांना लागल्यावरच परत येते. सासरे गेले तेव्हा थोरल्यांच्या सांगण्यावरून दोन महिने तिला घरात बसवलं होतं. ती नेई मी पाहिलेली आहे. भिंतीकडे तोंड करून बसायची, चहा पुढे ठेवला की तसाच गार व्हायचा. एका पहाटे उठून ती कोणाला न विचारता चिखलात गेली, आणि परत आल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "भूक लागलीय." तीन वर्षं चिखल बंद म्हणजे ती बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार.

शाळेत मला एक खोड होती. मुलांच्या निबंधात कुठेही ठाम वाक्य दिसलं की समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायचे: कशावरून? मुलं मागून मला कशावरूनबाई म्हणायची. मोमोंच्या पत्रावर तोच शब्द लिहिताना हात जरा अडखळला. सासऱ्यांच्या भावाचं पत्र ते. पण लिहिला. फिकट.

नेई कपडे वाळत घालून आत आली आणि पाय पसरून बसली. हळू आवाजात म्हणाली, "काय म्हणतोय कारकून?"

"म्हणतायत, घरामागचे कवचांचे ढीग बघा. खाली मोठी कवचं, वर लहान. म्हणजे पूर्वी मोठ्या मिळायच्या, आता लहान."

"ढिगाचं खरंच आहे ते."

"खरं आहे?"

"मग? वर लहानच आहेत. अगं, मोठ्या जातात बाजारात. अख्ख्या, कवचासकट. रस्ता झाल्यापासून आपल्या पातेल्यात येतात त्या कोणी विकत घेत नाही त्या. रस्ता नव्हता तेव्हा सगळं आपणच खायचो. आता ढिगात मोठी कवचं कुठून पडणार? शहरातल्या कचऱ्यात जाऊन शोध म्हणावं त्याला."

मला हसू आवरेना. जोने जागा झाला, आणि तो दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी त्याला पाठीशी बांधून, लोसाला घेऊन मी ढिगाकडे गेले. ऐकीव गोष्ट कागदावर मांडायची तर आधी डोळ्यांनी बघावी. खुरप्याने ढिगाची एक बाजू सरळ कापली. वर सगळी लहान, तळाशी सगळी मोठी. मोमोंनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. लोसा माझ्या शेजारी उकिडवी बसून बोट खुपसत होती.

"आई, हा दगड मऊ आहे."

मी पाहिलं. डांबराचा गोळा होता. रस्ता करणारे ट्रक इथेच उभे असायचे. त्या गोळ्याच्या खाली मोठी कवचं, आणि वीतभर वर गेलं नाही तोच लहान. शिंपल्या हळूहळू लहान झाल्या असत्या तर कवचंही हळूहळू लहान होत गेली असती. ही तर जणू कोणी एका दिवसात बदलून टाकल्यासारखी. मी लोसाच्या चिखलट गालाचा मुका घेतला. तिला काही कळलं नाही, पण तिने दुसरा गाल पुढे केला.

तेवढ्यात रस्त्यावरून मोमो जाताना दिसले. हातात कोयता, खांद्यावर केळीचा घड. नेई मागच्या दारात भांडी घासत होती.

"काय नुकुलेवूकरीणबाई," मोमोंनी हाक मारली. नेईचं माहेर समोरच्या बेटावरचं नुकुलेवू. चाळीस वर्षं झाली तरी दीर-भावजयीची ही थट्टा काही जुनी होत नाही. "सुनेला कचरा उपसायला लावलंत?"

"तुम्हीच पुरावा ठेवलात ना त्यात! बघतेय ती, सापडतो का."

"तिति, पोरी, चार पानं लिहिलीत मी. नीट वाच. नुसती तुझी ती पेन्सिल चालवू नकोस."

"वाचतेय, मोमो. दोनदा वाचलं."

"आणि?"

"अक्षर छान आहे."

नेई इतकी हसली की तिच्या हातातलं पातेलं घरंगळलं. मोमोही हसले, घडातली चार केळी मोडून लोसाच्या हातात देऊन पुढे गेले. मनात अढी ठेवणारा माणूस नाही तो. म्हणूनच त्यांचं पत्र खोडताना मला बरं वाटत नव्हतं.

दुपारी पोरं झोपल्यावर मी नेईला पुढचं वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर मोमोंचा खरा हुकमी एक्का होता. लिहिलं होतं: जुने तुरांगा वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे आपण किनारा शंभर रात्री बंद ठेवला. शंभराव्या रात्रीनंतरच्या पंगतीत मुठीएवढ्या शिंपल्या निघाल्या. सगळ्या गावाने, पाहुण्यांनी खाल्ल्या. यावरून सिद्ध होते की चिखलाला विसावा दिला की शिंपल्या वाढतात. शंभर रात्रींत एवढ्या, तर तीन वर्षांत किती?

हे मात्र मलाही आठवत होतं. सात वर्षांपूर्वी, लग्न होऊन मी नुकतीच आले होते. नव्या तुरांगांची, म्हणजे गावाच्या नव्या प्रमुखांची ती पहिली पंगत. नारळाच्या दुधातल्या त्या शिंपल्या एकेक दोन घासांत संपायची. लोक बोटं चाटत म्हणत होते, समुद्राने भरभरून दिलं, नवा प्रमुख समुद्राला मान्य झाला.

"याला काय उत्तर देऊ?" मी विचारलं.

नेई हसली नाही. "त्याला हात लावू नकोस," म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

दोन दिवस गेले. शुक्रवारी मी जोनेला पाजत होते, ती माझ्याकडे पाठ करून नारळ खवत बसली होती. खवणीचा आवाज मध्येच थांबला.

"त्या शिंपल्या इथल्या नव्हत्या, तिति."

मी जोनेच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. अशा वेळी बोललं की माणूस मिटतो.

"पंगतीच्या आदल्या दिवशी किनारा उघडला. आम्ही अकरा जणी गेलो चिखलात. दिवसभर उपसलं. शंभर पाहुणे यायचे आणि आमच्या टोपल्यांचा तळ दिसत होता. मिळाल्या त्याही बोटभर. आता सकाळी लोक काय म्हणणार? समुद्राने तोंड फिरवलं म्हणणार. नव्या माणसाची पहिलीच पंगत! मी माझ्या भावाला निरोप धाडला. उजाडायच्या आत त्याची होडी आली. नुकुलेवूच्या स्वच्छ वाळूतल्या शिंपल्या, अकरा टोपल्या. पुरुष झोपलेले होते. आम्ही त्या आमच्या टोपल्यांत ओतल्या आणि वर चिखल लावला."

"चिखल लावला?"

"आपल्याच वाटायला नकोत?"

पुन्हा खवणी चालू झाली. मी हिशेब करत राहिले, पण तो जुळेना. म्हणजे जुळत होता आणि मला नको होता. मोमोंचा सगळ्यात भक्कम पुरावा नुकुलेवूहून होडीत बसून आला होता. त्यावर त्यांनी तीन वर्षांचा इमला उभा केलेला. एवढं एक वाक्य सभेत म्हटलं की पत्र कोसळणार. पण माझ्या मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं: 'आमच्या चिखलात शिंपल्या पूर्वीइतक्याच आहेत.' शंभर रात्री कोणी हात न लावताही अकरा बायकांच्या टोपल्या भरल्या नव्हत्या. मग पूर्वीइतक्याच, कशावरून?

मी माझ्याच वाक्यासमोर पेन्सिलीने तो शब्द लिहिला. या वेळी फिकट लिहिता आला नाही. दुसऱ्याच्या पत्रात खोट शोधताना मला आपलं पत्र खरं असल्यासारखं वाटायला लागलं होतं. ढिगाने शिंपल्या कमी झाल्याचं सिद्ध होत नव्हतं; पण कमी झाल्या नाहीत, हेही त्या ढिगाने कुठे सांगितलं होतं?

"नेई," मी म्हटलं, "चिखलात शिंपल्या कमी झाल्यात का?"

"बायकांनी तुला बाजू मांडायला सांगितलंय. बाजू मांड."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्याचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "ढिगाचं लिही. पंगतीचं सोड. आणि त्याला दूध पुरेसं येतंय का बघ, मघापासून कुरकुरतोय."

शनिवारी ती नेहमीपेक्षा तासभर उशिरा आली. टोपली खाली ठेवली, गुडघे चोळत पायरीवर बसली. लोसा पळत जाऊन आजीच्या पाठीला लटकली.

"बुबू, किती आणल्यास?"

"तुझ्या पोटाला पुरतील एवढ्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज काळ्या खडकाच्या पलीकडे गेले होते. तुझ्या सासऱ्यांशी लग्न होऊन आले तेव्हा तिवरांतून पाय बाहेर टाकला की टोपली भरायची. मग खडकापर्यंत जायला लागले. आता पलीकडे. दरवर्षी दहा पावलं. दहा पावलं कोणाला कळतात? मला वाटायचं, पाय म्हातारे झाले म्हणून वाट लांबली."

मी टोपली उचलून घमेल्यात रिकामी केली.

"लिही," ती म्हणाली. "जसं आहे तसं. पण पंगतीचं मी बोलेन. माझ्या भावाचं नाव कागदावर नको."

"चिखल बंद केला तर, नेई?"

"तर तू मला काहीतरी काम काढून देशील. आहेत ना दोन पोरं."

रविवारी चर्चहून आल्यावर मी सगळं पुन्हा लिहिलं. चार पानांच्या उत्तराला एक पान झालं. तेही जोनेने एका कोपऱ्यात चोखून ओलं केलं.

सोमवारी सभागृहात पुरुष वरच्या बाजूला, बायका दाराशी, मध्ये मुळ्या कुटून केलेल्या यंगोना पेयाची लाकडी परात. मोमोंनी आपलं पत्र खड्या आवाजात वाचलं. मग मला सांगितलं. मी बसूनच वाचलं, जोने मांडीवर. ढिगाचं सांगितलं, डांबराचा गोळा सांगितला. मागे कोणीतरी "अरेच्चा" म्हणालं. पण पुढे लिहिलं होतं: शिंपल्या लहान झाल्याचा पुरावा ढिगात नाही, तसाच न झाल्याचाही नाही. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या हातांना वाटतं की त्या कमी झाल्यात. कशाने, ते आम्हाला माहीत नाही. आमच्या उपशाने, की वरच्या बाजूला नदीतली रेती काढतात त्या गाळाने, की आणखी कशाने. ज्याला माहीत असेल त्याने सांगावं.

बायकांच्या बाजूला चुळबूळ झाली. मला एकीने मागून ढोसलं: "तू कोणाच्या बाजूची?"

तेव्हा नेई गुडघ्यांवर पुढे सरकली. माफी मागायची तर आमच्यात रिकाम्या हाताने जात नाहीत. तिने यंगोनाच्या मुळ्यांची जुडी तुरांगांसमोर ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. अकरा टोपल्या, होडी, वर लावलेला चिखल. तिचा आवाज एकदाच कापला, 'पहिलीच पंगत' म्हणताना. ही बाई चाळीस वर्षांची अब्रू त्या जुडीबरोबर चटईवर ठेवत होती, आणि ते माझ्या एका पेन्सिलीच्या शब्दामुळे.

मोमोंचं तोंड उघडंच राहिलं होतं. तुरांगांनी पुढे वाकून जुडीला हात लावला, म्हणजे माफ केलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

नेईने मान वर केली.

"आपल्या चिखलातली शिंपली दोन दिवस भिजवा, एक तरी कण दाताखाली येतोच. त्या रात्री मी पंधरा खाल्ल्या. एकदाही कचकन् झालं नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मोमोंच्या तोंडून निघून गेलं.

"जेवत होतो."

आधी दाराशी कोणीतरी खुसखुसलं, मग सगळं सभागृह हसलं. नेई तळहातांनी डोळे पुसत हसत होती. मोमो आपलं पत्र घडी घालत म्हणाले, "नुकुलेवूकरीणबाई, चार पानं! चार पानं लिहिली मी तुमच्या माहेरच्या शिंपल्यांवर."

"माझ्या भावाला पाठवा. खूश होईल," नेई म्हणाली.

पण हसणं ओसरल्यावर प्रश्न तसाच चटईवर पडलेला होता. शेवटी माझ्या पानावरचं शेवटचं वाक्य तुरांगांनी पुन्हा वाचायला लावलं: चिखलाच्या मधोमध खुंट ठोकावेत. नदीकडचा अर्धा वर्षभर बंद ठेवावा, खडकाकडचा अर्धा उघडा. दोन्हीकडच्या शिंपल्या दर अमावास्येच्या ओहोटीला मोजाव्यात, जॅमच्या बाटलीच्या झाकणाएवढ्या किती आणि लहान किती. मग बोलावं. मोजायला कोण, म्हटल्यावर मोमोंनी सगळ्यांच्या आधी सांगितलं, "वासेमाथा मोजेल, मी लिहीन. तिच्यावर माझा भरवसा नाही, माझ्यावर तिचा नाही. हिशेब चोख राहील."

बुधवारी ओहोटीला आम्ही खुंट ठोकायला गेलो. तिवराच्या काठ्या मोमोंनी तासून आणल्या होत्या. नेई पुढे चालत जागा दाखवायची, ते ठोकायचे, आणि दोघांचं प्रत्येक काठीवरून भांडण. नेईचे पाय चिखलात गुडघ्याएवढे होते आणि ती ओरडून सांगत होती, "डावीकडे! कारकुनांना डावं-उजवं कळत नाही का?" मी जोनेला पाठीवर घेऊन उभी होते. तो माझ्या मानेवर लाळ गाळत झोपून गेला होता.

शेवटची काठी ठोकून झाली. काठ्यांची रेघ तिवरांपासून पाण्यापर्यंत सरळ गेली होती. मला ती फार आवडली. इकडे बंद, तिकडे उघडं. वर्षभराने काहीतरी नक्की कळणार.

लोसा रेघेवर उभी राहिली, एक पाय इकडे, एक तिकडे. खाली वाकून बराच वेळ चिखलाकडे बघत होती. मग तिने वर पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "पण शिंपल्यांना कसं कळणार, कुठल्या बाजूला राहायचं ते?"